सरोवर आटले, गाळ राहिला

काठमांडूच्या खोऱ्यात पूर्वी नागांचे एक विस्तीर्ण सरोवर होते आणि मंजुश्री बोधिसत्त्वाने खड्गाच्या एका घावाने चोभारची टेकडी चिरून त्याचे पाणी बागमतीच्या वाटेने बाहेर काढले, ही स्वयंभू पुराणातील कथा श्रद्धेची खरी. परंतु तिच्यातील सरोवर काल्पनिक नव्हे, कारण त्या सपाट खोऱ्याखाली, काही ठिकाणी तर ५०० मीटरांहूनही खोल, सरोवरतळीचा गाळ साचलेला आढळतो. तेथील काळी चिकणमाती नेवार शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खणून खत म्हणून शेतात घालीत आले, आणि शहरातील एक वस्ती आजही कालीमाटी याच नावाने ओळखली जाते.

आपल्या जुन्या दफ्तरांत गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग असत, पीक काळीत आणि घरे पांढरीत. नेवारांनीही, तसा शब्दभेद न करता, सखल सुपीक जमीन भातासाठी राखून उंचवट्यांवर वस्ती केली, आणि कीर्तिपूर तर खडकाच्या कण्यावरच वसविले. या विवेकाचे मला फार मोल वाटते, कारण भूकंपात गाळ आणि खडक सारखे हलत नाहीत.

खडकातून वेगाने येणारा भूकंपतरंग मऊ गाळात शिरताच मंदावतो आणि वेग उणावला की त्याचा हेलकावा वाढतो. शिवाय वरचा पृष्ठभाग आणि तळचा खडक यांच्यामध्ये तो पुनःपुन्हा परावर्तित होतो, खोऱ्याच्या कडांवरून माघारी फिरतो, आणि थर जितका जाड व मऊ, तितका त्याचा झोका संथ व दीर्घकाळ टिकणारा असतो.

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी पूर्व नेपाळातून उठलेल्या भूकंपाने त्या राज्यात आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, भक्तपूर उद्ध्वस्त झाले आणि भीमसेन थापांनी उभारलेला धरहरा मनोरा कोसळला. तो पुन्हा बांधला गेला. दरम्यान भातशेतीवर घरे चढत गेली. २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा भागातून आलेल्या ७.८ प्रतीच्या भूकंपात गाळावरील जमीन सुमारे पाच सेकंदांच्या संथ लयीने डोलत राहिल्याचे यंत्रांनी नोंदविले, तर कीर्तिपूरच्या खडकावर ते डोलणे पुष्कळच कमी होते. ठेंगण्या घरांची स्वतःची लय याहून पुष्कळ जलद असल्यामुळे, भीती होती त्या मानाने त्यांतील कितीतरी घरे वाचली. धरहरा मात्र, आत चढलेल्या माणसांसह, दुसऱ्यांदा कोसळला.