धाकटीचा अधिकार

‘थोरला समंजस, मधला हट्टी, शेंडेफळ लाडावलेलं’ हे आपण घरोघरी ऐकतो. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशाच विचाराला मानसशास्त्रात जागा दिली. आज आपण तो हिंगोलीच्या मातीत तपासून पाहू.

नरसी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणं आहेत. आळंदीच्या चार भावंडांची कथा मुख्यतः तिथूनच आपल्यापर्यंत आली. प्रचलित गणनेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५, सोपानदेवांचा १२७७ आणि मुक्ताबाईचा १२७९. १२९७ पर्यंत चौघंही गेली. म्हणजे सगळं आयुष्य पंचविशीच्या आतलं.

आता क्रम लावून बघा. थोरले निवृत्तिनाथ धाकट्या भावाचे गुरू झाले. इथवर ॲडलर पटतात. पण त्यांच्या मते दुसरं मूल पहिल्याशी स्पर्धा करतं. ज्ञानदेवांनी तर १२९० च्या ज्ञानेश्वरीचं श्रेय थोरल्या भावालाच दिलं. आणि शेंडेफळ मुक्ताबाई? ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत तिनं काढली. चांगदेवांची ती गुरू झाली. गोरोबाकाकांकडे, वयानं मोठ्या असलेल्या नामदेवांचं कच्चेपण उघडं पडलं ते तिच्यामुळे. मगच नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, असं परंपरा सांगते.

यात आख्यायिका किती, हा प्रश्न रास्तच. पण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या धाकटीला अधिकारी मानलं, हे तर खरं ना?

अर्थात चार भावंडांवरून नियम मोडत नाही. त्याला मोठा आकडा लागतो. २०१५ मध्ये रोहरर, एग्लॉफ आणि श्मुक्ले यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर लोकांची माहिती तपासली. बुद्धिमापनात थोरल्यांची किंचित आघाडी दिसली. बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता यांवर जन्मक्रमाचा परिणाम आढळला नाही.

मग आपल्याला थोरली पोर समंजस का दिसते? ‘तू थोरली, कॉलेज राहू दे, धाकट्यांचं बघ’ असं आपणच तिला सांगतो. ती ते निभावते. आधी काम सोपवायचं आणि मग त्यालाच तिचा स्वभाव म्हणायचं, ही कारण आणि कार्य यांची अदलाबदल झाली. तर्कशास्त्रात तिला चूक म्हणतात. घरात तिची किंमत त्या पोरीचं शिक्षण असते.