जलजीवालयातील शैवलभक्षी मासे

काच, दगड व पाने यांवरील शैवल खरवडून खाणारे मासे. बंदिस्त पाण्यातील जीवांचा समतोल रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये प्रयोगाने दाखविला. त्यांच्या टाकीत कुजकी पाने गोगलगाई खात. पुढे सफाईसाठी मासेही ठेवू लागले. त्यांत दक्षिण अमेरिकेतील सु. ४ सेंमी. लांबीचा ऑटोसिंक्लस लोकप्रिय झाला.

दख्खनच्या नद्यांत याच सवयीचा मल्या (गॅरा मुल्या) आहे. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन करताना स्थानिक नावच जातिनाम म्हणून योजले. देवगाव रंगारी (ता. कन्नड) ज्या गोदावरी खोऱ्यात आहे, तेथेही तो आढळतो. वाहत्या पाण्यात तो खडकाला चिकटून राहतो.

ऑटोसिंक्लस बहुतांशी नद्यांतून पकडून आणतात. प्रवासात त्याची उपासमार होते आणि नव्या, स्वच्छ टाकीत शैवल नसते. नव्या पाण्यात साचणारा अमोनियाही त्यास मारक ठरतो. म्हणून टाकी काही आठवडे मुरवून, काचेवर शैवल धरू देऊन मगच मासे सोडतात व पुढे उकडलेली काकडी किंवा पालक पुरवितात. केवळ सफाईसाठी आणलेला मासा सफाई पूर्ण होताच उपाशी पडतो. शैवल हा केर नसून त्याचा आहार होय.