माथेरानची शिट्टी आणि डोंगरातलं पाणी

परवा एका मित्राने व्हिडिओ पाठवला. नेरळचा फलाट, छोटी गाडी उभी, पुढे काळं इंजिन, त्याला गोल बॉयलर आणि वर चिमणी. खाली लिहिलेलं, "आपली झुकझुक गाडी परत आली!" मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. चिमणी दिसत होती, पण आवाज डिझेलचा होता. डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवलाय. पोरं फोटो काढतायत, खूश आहेत. त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही मला. पण या निमित्ताने दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक, खरी वाफेची गाडी कशी होती ते. आणि दुसरी, ती परत आणायचीच असेल तर आधी काय करायला हवं ते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नेरळचा. आमचे मामा लोको शेडमध्ये कामाला होते. मी चौथी-पाचवीत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, या मार्गावर डिझेल येऊन वीस वर्षं होत आली होती, पण वाफेची इंजिनं अजून गेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी शेडकडे धावायचं हा आमचा कार्यक्रम. लोकांना वाटतं इंजिन म्हणजे चावी फिरवली की चालू. तसं नव्हतं. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी, अंधारात, भट्टी पेटवायची. आधी लाकूड, कापडाच्या चिंध्या, मग हळूहळू कोळसा. पाणी तापून वाफेचा दाब चढेपर्यंत मामा इंजिनाभोवती तेलाची झारी घेऊन फिरायचे. प्रत्येक सांध्यात तेल सोडायचं आणि मग हाताच्या पाठीने त्याला स्पर्श करायचा. मी विचारलं, "मामा, हे काय करता?" ते म्हणाले, "ताप बघतो. आजारी पोराचा बघतात तसा."

गाडी सुटली की आम्ही पोरं तिच्याबरोबर पळायचो. चढावर ती इतकी सावकाश जायची की काही अंतर आम्हीच पुढे असायचो. मग धाप लागायची, आम्ही थांबायचो आणि ती मात्र न थांबता ठाकठुक करत वर जायची. धूर झाडांच्या वर दिसायचा. गाडी दिसेनाशी झाली तरी धुरावरून कळायचं, आता या वळणावर असेल, आता त्या. आत बसणाऱ्यांची मजा वेगळी. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण गेलाच म्हणून समजा. पांढरा सदरा घालून कोणी बसला तर वर पोचेपर्यंत करडा व्हायचा. डब्यांच्या मधल्या जागेत ब्रेकवाले उभे असायचे. इंजिनाची शिट्टी ऐकून हाताने ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा. म्हणजे ती शिट्टी ही हौस नव्हती, तो हुकूम होता. उतारावर त्या हातांच्या भरवशावर सगळी गाडी असायची.

आता थोडा इतिहास.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानचा डोंगर चढून गेले आणि इंग्रजांच्या नकाशावर हे थंड हवेचं ठिकाण आलं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. डोंगर अर्थातच त्याआधीही होता आणि त्यावर ठाकर, कातकरी राहत होते. पण इतिहास लिहिताना आपण नेहमी वर आलेल्या पाहुण्यापासून सुरुवात करतो, ही आपली जुनी सवय. नेरळपर्यंत मोठी रेल्वे होती, तिथून वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर पाय.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे बोहरी व्यापारी. सांगतात की एकदा नेरळला त्यांना वर जायला साधनच मिळालं नाही आणि मग त्यांनी ठरवलं की इथे रेल्वे बांधायची. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, पैसा मात्र खरा होता. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हे काम अंगावर घेतलं. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं, खर्च झाला सोळा लाख रुपये, आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली. एका भारतीय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली डोंगरी रेल्वे! शाळेत आम्हाला बोरीबंदर ते ठाणे शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही.

सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वेवाले, तेच. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. सुमारे वीस किलोमीटरच्या मार्गात गाडी साडेसातशे मीटरच्या वर चढते. कुठे कुठे चढ वीसास एक आहे, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. दात असलेला मधला रूळ नाही, ओढणारा दोर नाही, फक्त लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड. चाक घसरायला लागलं की रुळावर वाळू टाकायची.

आता इंजिनाची गंमत ऐका. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार इंजिनं बनवून दिली, सहा चाकांची. सरळ रुळावर सहा चाकं चांगली, पकड जास्त मिळते. पण इथे वळणाला वळण लागून आहे. तीन ताठ आस असलेलं इंजिन त्या वळणात अडकणार किंवा रूळ कापणार. म्हणून पुढच्या आणि मागच्या आसावर पोकळ नळी बसवली. आतला आस सरळच फिरतो, बाहेरची नळी मात्र चाकांसकट वळणाप्रमाणे जराशी कलते, जराशी सरकते. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. मामांना हे नाव ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "आमचं इंजिन कंबर हलवतं." मी पुढे पुस्तकात आकृती पाहिली तेव्हा कळलं, मामांचं वर्णन आकृतीपेक्षा सोपं आणि अचूक होतं.

अजून एक गोष्ट. चढावर बॉयलरमधलं पाणी एका बाजूला सरकतं. भट्टीच्या माथ्यावर पाणी राहिलं नाही तर धातू तापून घात होतो. त्यामुळे ड्रायव्हर-फायरमनचा एक डोळा रुळावर आणि एक डोळा पाण्याच्या काचेवर. वाटेतल्या एका स्टेशनाचं नावच 'वॉटर पाइप' आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. हल्लीची पोरं हे नाव ऐकून हसतात. पण वाफेच्या काळात पाणी हाच या डोंगरातला खरा प्रश्न होता. तेव्हा पाणी कमी पडण्याची भीती होती. आज जास्त होण्याची आहे. त्याकडे येतोच.

१९८० नंतर लवकरच इथली वाफ बंद झाली. त्या चार इंजिनांपैकी एक इंग्लंडला पोचलं, तिथल्या हौशी लोकांनी जपलं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक आहे. या शतकाच्या सुरुवातीला उलटा प्रवास झाला, दार्जिलिंगचं बी वर्गाचं ७९४ नंबरचं इंजिन आपल्याकडे आणलं गेलं. पण त्यातून कायमची वाफेची गाडी काही उभी राहिली नाही.

खरी वाफ पुन्हा अनुभवली ती दार्जिलिंगलाच. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बायकोला घेऊन गेलो. दार्जिलिंग ते घूम आणि परत, दोन तासांची 'जॉय राइड'. ही रेल्वे १८८१ ची, तीसुद्धा दोन फुटी. इंजिनांचा साचा एकोणिसाव्या शतकातला. 'आराधना'मध्ये जी गाडी पाहिली तीच. मी स्टेशनवर तासभर आधी जाऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, "गाडीत बसायला आलोय की गाडी बघायला?" मी म्हटलं, दोन्हीला.

तिथे इंजिनावर माणसं किती असतात बघा. ड्रायव्हर, फायरमन, एक जण कोळशावर बसून हातोडीने ढेकळं फोडणारा, आणि पुढच्या बाजूला वाळू टाकणारे. एवढंसं इंजिन आणि त्याला चिकटलेली माणसं, मधाच्या पोळ्यासारखी. गाडी बाजारातून जाते, दुकानांच्या उंबऱ्याला लागून. दुकानदार न बघताच एक पाऊल मागे होतो, गाडी गेली की पुन्हा पुढे. बतासियाच्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते, तिथे दहा मिनिटं थांबते, सगळे उतरून फोटो काढतात. मी इंजिनाजवळ गेलो. ड्रायव्हर खाली उतरून तेलाची झारी घेऊन फिरत होता आणि हाताच्या पाठीने सांधा चाचपत होता.

मला बोलता येईना. बायकोने विचारलं, "डोळ्यात कोळसा गेला का?" मी हो म्हटलं.

पण परतताना मनात दुसरंच सुरू झालं. २०१० च्या पावसाळ्यात दार्जिलिंग मार्गावर दरडी कोसळल्या आणि खालपासून वरपर्यंतची गाडी पुन्हा सुरू व्हायला २०१५ चं वर्षअखेर उजाडलं. तोवर वरच्या टोकाला गाडी चालू होती. पर्यटक येत होते, पैसे देत होते, म्हणून रेल्वे जिवंत राहिली. हे चांगलंच झालं. पण वरच्या तुकड्यात मजा चालू आहे म्हटल्यावर खालचा मार्ग बंद आहे याचं दुःख किती जणांना होतं?

आता आपल्याकडे बघा. २६ जुलै २००५ च्या पावसाने आपला मार्ग उद्ध्वस्त केला, गाडी सुरू झाली मार्च २००७ मध्ये, शताब्दीच्या तोंडावर. मे २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद, पूर्ण मार्ग खुला झाला जानेवारी २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ वाहून गेले, नेरळहून गाडी सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. सतरा वर्षांत तीन मोठे खंड, पावसाळी सुट्ट्या आणि कोरोना धरून साडेसहा वर्षांच्या आसपास. अमन लॉज ते माथेरान ही शटल मधूनमधून आपला जीव राखत होती. शटलचे उपकार आहेतच. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरीपासून पुढे रुळाचा मोठा आधार. म्हातारी माणसं, आजारी माणसं, सामान, सगळ्यांना त्याचा उपयोग. हातरिक्षा बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, माणसाने माणसाला ओढू नये हे बरोबरच आहे. म्हणजे रुळाचं महत्त्व आणखी वाढलं. पण शटल आहे म्हणून 'माथेरानची गाडी चालू आहे' असं जेव्हा आपण म्हणायला लागतो, तेव्हा नेरळ, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप आपण मनातून सोडून दिलेले असतात.

दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे जागतिक वारशात गेल्या. १९९९, २००५ आणि २००८ मध्ये. माथेरान अजून संभाव्य यादीत आहे. त्यासाठी वाफेची गाडी आणा, असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणतो. वर्षातून चार फेऱ्या का होईना, खरी भट्टी पेटलेली, खरी शिट्टी वाजलेली मला पाहायची आहे. पण मामांचं एक वाक्य आठवतं. पावसाळ्यात गाडी बंद असायची तेव्हा गँगवाले कुदळ-फावडी घेऊन रुळावर जायचे. मी विचारलं, गाडीच नाही तर हे काय करतात? मामा म्हणाले, "गाडी दिवाळीत चालते ना, ती यांनी आत्ता चालवलेली असते." गटारं मोकळी ठेवायची, मोऱ्यांत अडकलेली झाडं काढायची, वरून येणारं पाणी रुळाखालून जाऊ द्यायचं. डोंगरातली रेल्वे इंजिनावर चालत नाही, ती गटारांवर चालते. कोणी त्यांचा व्हिडिओ काढत नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाफेच्या गाडीची मागणी करताना तिच्याआधी तीन मागण्या लिहा. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात पूर्ण मार्गाची गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती यांची तपासणी आणि तिचा अहवाल लोकांसमोर. मार्गावर काम करायला वाड्यांमधल्या माणसांना आधी संधी, कारण पाणी कुठून उतरतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आणि जी जुनी मंडळी वाफेवर काम केलेली अजून हयात आहेत, त्यांच्याकडून ते काम आत्ताच शिकून घ्यायचं. बॉयलर नवा बनवता येतो. हाताच्या पाठीने ताप बघणारा माणूस कुठून आणणार?

आमचे मामा गेले. त्यांच्याकडून मी काही लिहून घेतलं नाही, ही माझी चूक. तुमच्या घरात कोणी या मार्गावर होतं का? ड्रायव्हर, फायरमन, ब्रेकवाले, गँगवाले, हमाल, स्टेशनवर चहा विकणारे? असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. इथे खाली लिहिलंत तर मी सगळं एकत्र करून ठेवेन.

आणि तो मुखवट्याचा व्हिडिओ? नातवाला दाखवला. तो म्हणाला, "आजोबा, धूर कुठाय?" पोराने बरोबर प्रश्न विचारला.