हातांतील उंदराची पारख

वाल्मीकींच्या रामायणांत पंचवटीच्या वर्णनाबरोबरच निवडीचा एक लहानसा पण अर्थपूर्ण प्रसंग आलेला आहे. वनवासांत राहण्यास योग्य स्थळ म्हणून अगस्त्य ऋषींनीं गोदावरीकांठच्या पंचवटीची शिफारस केली. शिफारस करणारा एवढा थोर. तरीहि तेथें पोंचल्यावर पर्णकुटीची नेमकी जागा रामचंद्रांनीं स्वतः पाहूनच ठरविली. पाणी जवळ आहे काय, जमीन सपाट आहे काय, समिधा व फुलें हाताशीं आहेत काय, आणि मुख्य म्हणजे तिघांनाहि ती जागा रुचेल काय, याचा विचार आधीं झाला. जाणत्याचा सल्ला ऐकावा, परंतु शेवटची परीक्षा आपल्या गरजेवर करावी, हा त्या प्रसंगाचा सरळ अर्थ आहे.

आजच्या पंचवटींत एका अगदीं लहान वस्तूच्या निवडीसाठीं घरोघर असाच विचार करण्याची वेळ येते. ती वस्तु म्हणजे संगणकाचा माऊस. पुष्कळ घरांत टेबलावरचा संगणक एकच असतो. सकाळीं त्यावर दुकानाचा वा कचेरीचा हिशेब होतो, दुपारीं पत्रें नि टिपणें लिहिलीं जातात, आणि रात्रीं त्याच टेबलाशीं बसून मुलें खेळांतील शत्रूवर नेम धरतात. जुना माऊस बिघडला कीं वडिलांना स्वस्त व टिकाऊ माऊस हवा असतो, मुलांना जलद व हलका. बाजारांत कांहीं शें रुपयांपासून दहा हजारांच्याहि वर किंमत असलेले नग मांडलेले असतात आणि खोक्यांवर मोठमोठे आंकडे छापलेले असतात. त्यांतील कोणता आंकडा खरोखर हाताच्या उपयोगीं पडतो? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास माऊसचा इतिहास चांगला साह्यकारी होतो. कारण हें साधन केवळ कोणाच्या शिफारशीनें पुढें आलेलें नाहीं, तें परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेलें आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डग्लस एंगेलबार्ट हा अमेरिकन तरुण नौदलांत रडारचा तंत्रज्ञ होता. पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून दूरच्या हालचाली ओळखतां येतात, हें त्याला त्या नोकरीनें शिकविलें. पुढें तो कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत काम करूं लागला. त्या काळचे संगणक बहुधा छिद्रें पाडलेल्या कार्डांवरून आज्ञा घेत आणि उत्तरें कागदावर छापून देत; माणूस व यंत्र यांची समोरासमोर गांठ क्वचितच पडे. लिहिणाऱ्यानें पडद्यावरील मजकूर समक्ष पाहावा, त्यांतील हव्या त्या शब्दावर बोट ठेवावें आणि तो तत्काळ बदलावा, अशी एंगेलबार्टची कल्पना होती. परंतु कांचेमागील शब्दावर बोट ठेवावयाचें कसें? १९६१ च्या सुमारास त्याला एक युक्ति सुचली. परस्परांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें टेबलावरून फिरवावीं. एक चाक आडवी हालचाल मोजील, दुसरें उभी. १९६४ सालीं त्याचा सहकारी बिल इंग्लिश यानें एका लाकडी ठोकळ्यांत तीं चाकें बसवून वर एक कळ लावली. ठोकळ्याला शेंपटीसारखी तार होती. त्याला ‘उंदीर’ हें नांव पडलें. तें प्रथम कोणीं दिलें, हें पुढें त्या मंडळींपैकीं कोणालाच आठवेना.

येथवर ही केवळ एक युक्ति होती, आणि तिला प्रतिस्पर्धी पुष्कळ होते. पडद्यावर टेंकावयाची प्रकाशलेखणी होती. चोहों बाजूंस कलणारी दांडी होती. ग्राफाकॉन नांवाचें टेबलावरचें एक साधन होतें. इतकेंच नव्हे, तर हात मोकळे राहावे म्हणून टेबलाखालीं गुडघ्यानें हलवावयाचें एक साधनहि तयार झालें होतें. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें, हें एंगेलबार्ट व इंग्लिश यांनीं वादावर सोडलें नाहीं. ‘नासा’ या अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या साह्यानें त्यांनीं रीतसर चांचणी मांडली. माणसाला पडद्यासमोर बसवावें, पडद्यावर एक लक्ष्य दाखवावें, आणि मग घड्याळ लावून पाहावें कीं, टंकफलकावरील हात उचलून साधनाकडे नेण्यास किती वेळ लागतो, पडद्यावरील खूण लक्ष्यावर नेण्यास किती लागतो, आणि नेम किती वेळां चुकतो. सरावलेल्या माणसांची नोंद निराळी व नवख्यांची निराळी ठेविली. त्याचा निकाल १९६७ सालच्या एका निबंधांत विस्तारानें प्रसिद्ध झाला. नवख्यांच्या बाबतींत प्रकाशलेखणी व गुडघ्याचें साधन हीं माऊसपेक्षां जलद ठरलीं. सरावलेल्यांच्या हातीं मात्र माऊस सर्वांत जलद ठरला, आणि चुकाहि त्यानेंच सर्वांत कमी झाल्या.

या निकालांत ग्राहकानें ध्यानांत ठेवण्यासारखें बरेंच आहे. दुकानांत दोन मिनिटें हाताळल्यावर जें सोपें वाटतें, तेंच महिन्याभराच्या सरावानंतर सुखाचें वाटेल असें नाहीं. प्रकाशलेखणी पहिल्या क्षणीं सोपी, पण हात सारखा अधांतरीं धरावा लागल्यामुळें दमविणारी. माऊस पहिल्या क्षणीं परका. तथापि तो टेबलाच्या आधारानें चालतो, आणि हात काढून घेतला तरी जेथल्या तेथें राहतो.

९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेंत एंगेलबार्टनें नव्वद मिनिटें आपल्या साऱ्या योजनेचें प्रात्यक्षिक केलें, आणि विद्वानांनीं माऊस प्रथमच चालतांना पाहिला. त्याच वर्षीं जर्मनींत टेलिफुंकेन कंपनीनेंहि चाकांऐवजीं गोळा असलेलें असेंच साधन स्वतंत्रपणें विक्रीस काढलें होतें. एंगेलबार्टच्या साधनास १९७० सालीं पेटंट मिळालें. परंतु हक्क संस्थेकडे असल्यामुळें त्याच्या वांट्यास स्वामित्वधन आलें नाहीं, आणि माऊसला खरे दिवस येऊं लागले तोंच, १९८७ सालीं, पेटंटची मुदत संपली.

बिल इंग्लिश मध्यंतरीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत गेला होता. तेथें १९७३ सालीं तयार झालेल्या ‘आल्टो’ संगणकास तीन कळांचा माऊस जोडलेला होता. स्ट्युअर्ट कार्ड, बिल इंग्लिश व बेटी बर या तिघांनीं १९७८ सालीं पुनः एक परीक्षा प्रसिद्ध केली. या खेपेस सामना दांडीशीं व निरनिराळ्या कळांशीं होता. त्यांतहि माऊसच जलद ठरला. पण त्याहून महत्त्वाची अशी एक गोष्ट या परीक्षेंत आढळून आली. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं असा नियम मांडला होता कीं, हात लक्ष्यापर्यंत नेण्यास लागणारा वेळ हा लक्ष्याचें अंतर व त्याची रुंदी यांवर अवलंबून असतो. लक्ष्य जितकें दूर व बारीक, तितका वेळ अधिक. माऊसला लागणारा वेळ या नियमाशीं चांगला जुळला. म्हणजे होणारा विलंब बव्हंशीं यंत्राचा नव्हता, माणसाच्या हाताचा व नजरेचा होता. हत्यार हातांत असल्याची आठवणच राहूं नये, याहून चांगल्या हत्याराचें लक्षण तें कोणतें?

झेरॉक्सचा माऊस मात्र महाग व नाजूक होता. ॲपल कंपनीसाठीं माऊस घडविणारे डीन हॉव्ही यांच्या सांगण्याप्रमाणें, तीनशें डॉलरांची ही वस्तु पंधरा डॉलरांच्या आंत झाली पाहिजे, अशी अट स्टीव्ह जॉब्स यांनीं घातली होती. जानेवारी १९८३ मध्यें आलेल्या ‘लिसा’ संगणकाच्या माऊसला एकच कळ होती. नवख्याचा गोंधळ होऊं नये, हा त्यांत हेतु. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें दोन कळांचा माऊस काढला, आणि १९९६ सालीं मधलें चाक लोकप्रिय केलें. लांबलचक मजकूर वरखालीं सरकविणाऱ्या आजच्या हिशेबनिसास त्या चाकावांचून चैन पडणार नाहीं.

महाराष्ट्रांतील सामान्य घरांची माऊसशीं ओळख झाली ती त्यानंतरच्या वर्षांत. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननें एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू केला, आणि गांवोगांवच्या केंद्रांतून लक्षावधि विद्यार्थ्यांनीं, गृहिणींनीं व सरकारी नोकरांनीं माऊस हातीं धरला. तो काळ गोळ्याच्या माऊसचा होता. टेबलावरील धूळ गोळ्याबरोबर आंत जाई आणि बाण पडद्यावर अडखळूं लागे. मग पोटाकडील झांकण फिरवून गोळा काढावयाचा आणि आंतील रुळांवर बसलेली काजळी नखानें खरवडावयाची, हा घरोघरचा नित्यक्रम असे. प्रकाशावर चालणारे माऊस १९८० च्या सुमारासच निघाले होते, परंतु त्यांना विशिष्ट रेघांची खास पाटी लागे. १९९९ सालापासून साध्या टेबलाचीं सेकंदास हजाराहून अधिक चित्रें टिपून हालचाल ओळखणारे माऊस बाजारांत आले, आणि गोळा हळूहळू अस्तंगत झाला.

त्याच सुमारास खेळाडूंचा स्वतंत्र माऊस जन्मास आला. १९९६ सालच्या ‘क्वेक’ या खेळांत डाव्या हाताच्या बोटांनीं चालावयाचें व उजव्या हातांतील माऊसनें चोहोंकडे पाहावयाचें, ही पद्धति कुशल खेळाडूंनीं रूढ केली. तींत निष्णात असलेल्या डेनिस फाँग यानें १९९७ सालीं एका स्पर्धेंत त्या खेळाचे कर्ते जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार बक्षीस मिळविली. १९९९ सालीं रेझर कंपनीनें खास खेळाडूंसाठीं ‘बूमस्लँग’ नांवाचा माऊस काढला आणि इंचामागें २००० टप्पे मोजण्याची जाहिरात केली. खोक्यावरील आंकड्यांची शर्यत येथून सुरू झाली.

या आंकड्यांपैकीं पहिला म्हणजे इंचामागील टप्पे, ज्याला ‘डीपीआय’ म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. पडद्याच्या रुंदींत १९२० बिंदू आहेत असें धरा. माऊस ८०० वर ठेवल्यास बाण एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास नेण्यासाठीं हात २.४ इंच सरकवावा लागतो. १६०० वर ठेवल्यास १.२ इंच. खोक्यावर १६,००० हा आंकडा असेल आणि तोच लावला, तर हात जेमतेम ३ मिलिमीटर हलतांच बाण पडदा ओलांडील. एवढ्या बारकाव्यानें हात चालविणें कोणास साधेल? नेमबाजीच्या खेळांतील कसलेले खेळाडूहि बहुधा ४०० ते १६०० याच मर्यादेंत राहतात. दुसरा आंकडा माऊस संगणकास सेकंदांतून किती वेळां खबर देतो, त्याचा. साधा माऊस १२५ वेळां, म्हणजे दर ८ सहस्रांश सेकंदास खबर देतो. खेळाचा १००० वेळां. हा फरक चपळ खेळांत जाणवूं शकतो, हिशेबाच्या कामांत नाहीं. त्यापुढें ८००० वेळां खबर देणाऱ्याचा लाभ एका सहस्रांशाहूनहि कमी. आणि सेकंदास साठ वेळां बदलणारा सामान्य पडदा तर दर सोळा-सतरा सहस्रांशांनींच नवें चित्र दाखवितो.

जें खोक्यावर ठळक नसतें, तेंच अधिक महत्त्वाचें. पंचवटीच्या पलीकडच्या तीरावर, जुन्या नाशकांत, तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालणारा कारागीर हातोडी घेतांना तिचें वजन व मूठ पाहतो. कारण ठोके हजारों घालावयाचे असतात. माऊसचेंहि तसेंच आहे. सबंध तळवा टेंकून धरणाऱ्यास लांब व उंच पाठीचा माऊस हवा. बोटांच्या टोंकांनीं धरणाऱ्यास लहान व हलका. खेळाचे कांहीं माऊस साठ ग्रॅमच्या आसपास असतात. ते उचलून ठेवण्यास सोपे. घरांत डावखुरें माणूस असेल, तर दोन्ही बाजूंनीं सारखा असलेलाच घ्यावा. मनगट वर मुडपून तासन्‌तास काम करावें लागत असेल, तर तो माऊस कितीहि वेगवान्‌ असो, त्या हाताचा नव्हे. तार असलेला माऊस स्वस्त पडतो व त्याला विजेरी लागत नाहीं. बिनतारी माऊसपैकीं स्वतःचा छोटा ग्राहक संगणकास जोडणारे खेळासाठींहि पुरेसे जलद असतात. ब्लूटूथनें जोडले जाणारे साधारणतः मंद, पण कचेरीच्या कामास उत्तम.

मग एकाच घरांत दोन माऊस घ्यावे काय? बहुधा गरज नाहीं. मध्यम आकाराचा, शंभर ग्रॅमच्या आंतला, सेकंदास १००० वेळां खबर देणारा, डीपीआय कमीजास्त करण्याची कळ असलेला आणि चाक मऊ फिरणारा माऊस हिशेबाला चालतो नि खेळालाहि. निवड करतांना एंगेलबार्टची रीत घरींहि अवलंबितां येते. परत करण्याची मुदत असलेला नग आणावा. आठ दिवस घरांतील प्रत्येकानें तो आपापल्या कामास वापरावा. नेम किती वेळां चुकतो, कळ चुकून दोनदां दाबली जाते काय, संध्याकाळीं मनगट दुखतें काय, हें पाहावें. मत पहिल्या दिवसाचें धरूं नये, आठव्या दिवसाचें धरावें. एंगेलबार्ट २०१३ सालीं निवर्तला. त्याचा लाकडी ठोकळा आज कोणी वापरीत नाहीं. परंतु घड्याळ लावून व चुका मोजून हत्याराची पारख करण्याची त्याची रीत अजून जुनी झालेली नाहीं, आणि तिला किंमतहि पडत नाहीं.