व्हेनिसच्या वाटेवर सात दिवस

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले पंधरा दिवस क्रोएशियाचा नकाशा पसरलेला आहे. ताटं आम्ही मांडीवर घेतो. येत्या जूनमध्ये शिडाच्या बोटीने आठवडाभर एड्रियाटिक समुद्रातली बेटं हिंडायची, एवढं पक्कं. बोट स्प्लिट बंदरात शनिवारी घ्यायची, पुढच्या शनिवारी तिथेच परत करायची.

सौ.चं एकच म्हणणं, "अहो, डुब्रॉवनिक राहायला नको." नौदलातून निवृत्त झालेले माझे साडू मात्र मान हलवतात. अंतर शंभरेक सागरी मैल. त्यात उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून 'मायस्त्राल' वारा सुटतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर!

त्यांच्या या बोलण्याने मला व्हेनिसचा इतिहास नव्याने उमगला. इटलीकडचा किनारा बराचसा सपाट, आसऱ्याची बंदरं मोजकी. समोर डाल्मेशियाच्या किनाऱ्याला बेटांची रांग आणि तिच्या आडोशाला शांत पाणी. वल्ह्यांच्या गलबतावर माणसं शेकड्यांनी. पिण्याचं पाणी साठवायला जागा थोडी. वरचेवर बंदर गाठणं भाग. म्हणून व्हेनिसने १४०९ साली नेपल्सच्या राजाकडून डाल्मेशियावरचा हक्क एक लाख डुकाट मोजून चक्क विकत घेतला. आमचा पहिला मुक्काम ह्वार बेटावर. तिथे व्हेनिसच्या गलबतांची गोदी आहे आणि तिच्या माथ्यावर १६१२ सालचं नाट्यगृह. खाली गलबतांची डागडुजी, वर नाटक! मराठी माणसाने हे चुकवू नये.

डुब्रॉवनिक, म्हणजे जुनं रागुसा, १३५८ साली व्हेनिसच्या हातून सुटलं. पुढे तुर्की सुलतानाला खंडणी देत त्याने आपला व्यापार आणि प्रजासत्ताक दोन्ही सांभाळलं. व्हेनिसची धास्ती इतकी, की १६९९ मध्ये हद्दीवरची न्यूमची पट्टी त्याने तुर्कांना देऊन टाकली. शेजारी तुर्क चालेल, व्हेनिस नको! ती पट्टी आज बोस्नियात आहे आणि क्रोएशियाच्या किनाऱ्याचे दोन तुकडे करते.

अखेर तोड निघाली: बोट परत करायची आणि डुब्रॉवनिकला बसने जायचं. पण २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि आमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा. न्यूममध्ये पाऊल पडलं की तो संपला. सुदैवाने २०२२ मध्ये खाडीवर पेल्येशाक पूल झाला. त्यावरून न्यूम टळतं. तिकिटं काढण्यापूर्वी बस कुठल्या रस्त्याने जाते हे विचारून घ्यायचं काम माझ्याकडे आलंय.