पुनर्वापरयोग्य ई-सिगारेट
पुनर्वापरयोग्य ई-सिगारेट हे निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ तयार करणारे उपकरण होय. त्यात लिथियम-आयन बॅटरी, द्रवाची टाकी आणि तापणारी कॉइल असते. कॉइलमधील कापूस जळाल्यास वाफेला करपट चव येते. अशा वेळी केवळ कॉइल बदलता येते. बॅटरीचे वेष्टन फाटल्यास शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, त्यामुळे ती बॅटरी बदलणे आवश्यक ठरते. एकदाच वापरण्याच्या उपकरणांत अशी सोय नसते आणि त्यांच्या बॅटऱ्या कचऱ्यात जातात. युनायटेड किंग्डममध्ये १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री प्रतिबंधित आहे. ही बंदी सुट्या भागांनाही लागू असल्याने दुरुस्तीचे साहित्य तेथे कायदेशीररीत्या विकता येत नाही.