कापलेले साडेतीन फूट

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात १९७८-७९ सालच्या ‘गुऱ्हाळ’ या लघुपटाबद्दल दोनच ओळी आहेत. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नऊ मिनिटांचा रंगीत चित्रपट तयार केला आणि तो स्नेहसंमेलनात दाखवला गेला, एवढेच त्यात म्हटले आहे. ते खरे आहे. यंदाच्या मेळाव्यात त्या फितीची संगणकीय प्रत दाखवायचे ठरले आहे, म्हणून त्या दोन ओळींत न आलेला भाग इथे नोंदवून ठेवतो.

कोल्हापुरातल्या पोरांना सिनेमा काढावासा वाटला यात नवल काही नव्हते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) निघाला. पुढे १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या कथा चालण्याच्या त्या काळात कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. १९२९ मध्ये ‘प्रभात’ही इथेच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभे राहिल्याच्या गोष्टी होत्या. ‘सावकारी पाश’सारखे काहीतरी खरे करायचे, अशी भाषा आम्ही सहा जण कँटीनमध्ये बसून करत होतो.

कॅमेरा एका मित्राच्या काकांनी परदेशाहून आणलेला होता. सुपर एट जातीचा. या फितीची रुंदी आठ मिलिमीटर. एका काडतुसात पन्नास फूट फिल्म म्हणजे ३६०० चौकटी. सेकंदाला अठरा चौकटी या वेगाने ते तीन मिनिटे वीस सेकंदांत संपते. वर्गणीतून चार काडतुसे आली. म्हणजे सारी पुंजी तेरा मिनिटे वीस सेकंदांची, तीही मुकी. शिवाय ही रिव्हर्सल फिल्म होती. तिची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी पट्टी फिरते तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. कात्री लावायची ती मूळ फितीलाच, आणि प्रोजेक्टरवर ओरखडा उठला तर तोही कायमचा.

विषय मिळाला तो आमच्यातल्याच एका मित्राच्या घरच्या गुऱ्हाळाचा. करवीर तालुक्यातल्या त्यांच्या मळ्यात आम्ही हिवाळ्यातले दहा दिवस राहिलो. चरकातून निघणारा रस, काहिलीत चढणारी उकळी, भेंडीचा रस घातल्यावर वर येणारी मळी, पाण्यात थेंब टाकून पाक जोखणारा गुळव्या, वाफ्यात ओतलेला गूळ आणि शेवटी ढेपा, हे सारे तीन काडतुसांत बसवले. चौथे रात्रीसाठी राखले होते. चुलवाणाच्या उजेडात काय बहारदार चित्र येईल, असे आम्हाला वाटले. चाळीस एएसए संवेदनशीलतेच्या फिल्मला तो उजेड पुरणार नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. धुऊन आल्यावर त्या काडतुसात काळोख आणि मधोमध एक तांबडी जीभ, एवढेच निघाले.

तिसऱ्या काडतुसात एक दृश्य होते. दुपारच्या उन्हात चुलवाणाच्या तोंडाशी बसून एक मुलगा आत चिपाडे सारतो आहे. वय नऊ-दहा असेल. खाकी चड्डी, अंगात बनियन, केसांवर राख. कॅमेरा समोर आल्यावर आपण मध्ये आलो असे वाटून तो बाजूला सरकला. आम्ही त्याला परत बसवले. त्याने विचारले, “ह्यात मी दिसनार काय?” आम्ही म्हटले, “दिसणार की!”

फिल्म जोडून झाल्यावर पहिला खेळ त्या मित्राच्या वाड्यावर, पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर झाला. त्याच्या वडिलांना फार आवडला. निघताना ते एवढेच म्हणाले, “बाकी समदं झ्याक हाय, पोरांनो. तेवढं त्ये पोरगं काढा. लोकं नावं ठेवत्यात.” त्यांनी रागावून सांगितले असते तर कदाचित आम्ही भांडलो असतो. दहा दिवस त्यांच्या घरी जेवलो होतो आणि ते हात जोडून सांगत होते.

हॉस्टेलच्या खोलीत त्या रात्री वाद झाला. ‘सावकारी पाश’चे नाव दोघांनी काढले. मित्र काहीच बोलला नाही, खाली बघत बसला. शेवटी जोडणीचे यंत्र माझ्यापुढे होते म्हणून कापले मी. चौदा सेकंद, २५२ चौकटी, साडेतीन फूट.

स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या. मराठीच्या सरांनी मात्र विचारले, “अरे, जाळ घालणारा माणूस कुठेच दिसत नाही?” मी उत्तर दिले, “सर, तो भाग काळा आला.” चौथे काडतूस खरेच काळे आले होते, त्यामुळे ते खोटे सहज खपले. पुढे प्रत्येक भेटीत तीच कथा आम्ही सांगत राहिलो, आणि ती गमतीची होत गेली.

बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ मध्ये आला. आम्ही कापले तेव्हा कोणाच्या कायद्याची भीती नव्हती, भीड होती. ती पट्टी मी काही वर्षे फिल्मच्या डबीत जपली. घरे बदलताना ती गेली. निगेटिव्ह नसल्यामुळे आता ती कुठूनही मिळणार नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक मूकपटांच्या फिती काळाने नेल्या. आमची आम्हीच घालवली.

हा लेख छापायला देण्याआधी त्या मित्राला वाचायला दिला. त्याने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, “छाप. मी पण तिथंच बसलो होतो.”

श्रेयनामावलीत आम्ही सायकल उसनी देणाऱ्याचेही नाव लिहिले आहे. त्या मुलाचे नाव आम्ही विचारले नव्हते. मेळाव्यात चित्रपट बघाल तेव्हा सहाव्या मिनिटाला, काहिलीतल्या उकळीनंतर, चित्र किंचित उडी घेते तिकडे लक्ष द्या. फिल्म खराब झालेली नाही. तिथे तो बसला होता.